गाव दिलं, माणसांसकट

पावसाळ्यात भंडाऱ्याच्या माणसाला एक आकडा तोंडपाठ असतो: २४५.५०. कारध्याच्या पुलाजवळ वैनगंगेचं पाणी इतक्या मीटरला टेकलं की धोक्याची पातळी गाठली असं समजायचं. जिल्हा प्रशासनाचे निरोप याच आकड्यावरून सुटतात आणि नदीकाठचे लोक याच आकड्यावरून सामान माळ्यावर टाकायचं की नाही ते ठरवतात. ऑगस्ट २०२० च्या शेवटच्या दिवसांत वर मध्य प्रदेशातल्या धरणांचं पाणी सुटलं, तेव्हा हा आकडा मागे टाकून नदी शहरात शिरली होती. गंमत म्हणजे खाली पवनी तालुक्यात गोसीखुर्दचं जे धरण आहे, त्याची पूर्ण जलसाठ्याची पातळीही २४५.५० मीटरच आहे.

नागपूरहून रायपूरकडे जाताना भंडारा सुटलं की नदी लागते आणि नदी ओलांडली की कारधा. महामार्गाचा नंबर पूर्वी ६ होता, आता ५३ झाला. शेजारी इंग्रजांच्या काळातला जुना, बुटका पूल आहे. पूर चढला की पहिल्यांदा तोच बुडतो. जाणाऱ्या-येणाऱ्याला कारधा म्हणजे हा पूल, फार तर पोलीस ठाणं. पण पुलापलीकडे आहे ती धानाची जमीन: बांध्या, बांध्यांमधले धुरे, धुऱ्यांवर तुरीच्या ओळी. आणि जमीन म्हटलं की कागद आला.

कागद सगळ्यांच्या ओळखीचा आहे. वर गाव, तालुका, जिल्हा. डाव्या अंगाला भोगवटादाराचं नाव, मध्येच कंसात अडकवलेली जुनी नावं, फेरफार क्रमांक. उजवीकडे ‘इतर अधिकार’, म्हणजे बहुतेकदा सोसायटीचा नाहीतर बँकेचा बोजा. तलाठ्याचं नाव सरकारनं आता ग्राम महसूल अधिकारी असं केलंय, पण आमच्याकडचे म्हातारे अजून पटवारीच म्हणतात आणि गट नंबराला खसरा म्हणतात. या सातबाऱ्यावर आपलं नाव असावं म्हणून माणसं भाऊबंदकी अंगावर घेतात, कोर्टात उभं आयुष्य घालवतात. मला कुतूहल आहे ते वेगळ्याच गोष्टीचं. वैनगंगेच्या या खोऱ्यात जमिनीचे कागद दीड हजार वर्षांहून जास्त काळ होत आले आहेत. त्या कागदांवर नाव कोणाचं यायचं? आणि जो चिखलात उभा राहायचा, त्याचं नाव कधी आलं?

सुरुवात नदीच्या उगमाकडून करू. वैनगंगा निघते सिवनी जिल्ह्यात. त्याच सिवनीत सापडलेला एक ताम्रपट १८३६ साली अभ्यासकांसमोर आला आणि वाकाटक नावाचं घराणं विदर्भात होऊन गेलं हे आधुनिक जगाला पहिल्यांदा कळलं. पाच पत्रे, एका कडीत ओवलेले, कडीला राजमुद्रा. अक्षरांच्या डोक्यावर रेघेऐवजी छोटी चौकोनी पेटी. दान देणारा राजा दुसरा प्रवरसेन, काळ पाचवं शतक, राज्यवर्ष अठरावं. बेण्णाकार्पर भागातलं ब्रह्मपूरक नावाचं गाव त्यानं देवशर्मा नावाच्या आचार्याला दिलं. बेण्णा म्हणजे आपली वैनगंगा. गाव कुठलं हे कळावं म्हणून लेखात चतुःसीमा दिली आहे: वटपूरकाच्या उत्तरेला, किणिहिखेटकाच्या पश्चिमेला, पवरज्जवाटकाच्या दक्षिणेला, कोल्लपूरकाच्या पूर्वेला.

आता भंडाऱ्याच्या दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर एखादा अर्जनवीस खरेदीखत टाइप करत असेल, तर त्याच्या खांद्यावरून डोकावून बघा. पूर्वेस अमक्याचं शेत, पश्चिमेस पांधण, उत्तरेस नाला, दक्षिणेस तमक्याची बांधी. लिपी बदलली, भाषा बदलली, तांब्याच्या जागी मुद्रांक आला. जमिनीला चारही बाजूंनी शेजाऱ्यांच्या नावानं आवळायची पद्धत तीच राहिली. इंग्लंडमध्येही नॉर्मन लोक यायच्या आधीची जी राजपत्रं आहेत, त्यांत मुख्य मजकूर लॅटिन असतो आणि हद्दीचा तपशील मात्र गावच्या बोलीत, जुन्या इंग्रजीत: या ओढ्यापासून त्या जुन्या खंदकापर्यंत, तिथून काटेरी झाडापर्यंत. सरळ आहे. राजाला लॅटिन कळली की पुरे, पण हद्द गावकऱ्याला कळायला हवी. भांडण झालं तर साक्षीला तोच येणार.

हद्दीनंतर येतो तो सवलतींचा भाग आणि मला हे ताम्रपट वाचताना सगळ्यात जास्त वेळ इथेच लागतो. गाव करमुक्त. सैनिकांनी, राजाच्या चाकरांनी गावात शिरायचं नाही. पाळीपाळीनं गाई-बैल मागायचे नाहीत. फुलं, दूध घ्यायचं नाही. चराई, कातडी, कोळसा घ्यायचा नाही. मीठ खणायचा हक्क राजानं सोडला. सर्व प्रकारची वेठ माफ. जमिनीत पुरलेलं धन आणि ठेवी यांसह गाव दिलं. ही यादी वाचून प्रथमदर्शनी वाटतं, किती उदार राजा! पण ही माफी कोणाला आहे ते बघायला हवं. राजाचा शिपाई आता गावात येऊन दूध मागणार नाही. म्हणून गवळ्याचं दूध गवळ्याकडेच राहिलं असं होत नाही. मागायचा हक्क राजाकडून आचार्यांकडे गेला. पाचव्या शतकात वैनगंगेकाठचा माणूस काय काय द्यायला बांधलेला होता, याची एवढी तपशीलवार यादी दुसरीकडे मिळायची नाही. आणि ती मिळते ती माफीच्या कलमात.

यावर इतिहासकारांत मोठा वाद आहे. रामशरण शर्मांनी १९६५ साली ‘इंडियन फ्यूडॅलिझम’ लिहून अशा दानांतूनच भारतात सरंजामशाही आली अशी मांडणी केली. हरबंस मुखिया यांनी १९८१ साली उलट विचारलं की भारतात सरंजामशाही होती तरी का. युरोपातल्या भूदासासारखा इथला शेतकरी जमिनीला जखडलेला नव्हता. विद्वानांचा निवाडा मी करणार नाही. पण ऋद्धपूरचा ताम्रपट वाचला की शर्मांकडे झुकावंसं वाटतं. हा ताम्रपट प्रभावतीगुप्तेचा, म्हणजे प्रवरसेनाच्या आईचा. गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची ही मुलगी लवकर विधवा झाली आणि मुलं लहान असताना राज्य तिनं चालवलं. रामगिरीस्वामीच्या, म्हणजे रामटेकच्या देवाच्या पायांपासून दिलेल्या या दानात तिनं अश्वत्थनगर गावातलं एक शेत दिलं. शेताबरोबर एक घर दिलं. आणि शेतकऱ्यांच्या चार झोपड्या दिल्या.

चार झोपड्या. त्यांत राहणाऱ्यांची नावं नाहीत. घेणाऱ्याचं नाव आहे, देणारीचं आहे, तिच्या बापाचं, आज्याचं, पणज्याचं आहे. शेत कसणारे मात्र झोपड्यांच्या संख्येत बसले. अचलपूरजवळच्या चम्मकचा ताम्रपट घ्या. मधुनदीच्या काठचं चर्मांक नावाचं गाव, राजमापानं आठ हजार भूमी, एक हजार ब्राह्मणांना दिलं असं तो सांगतो. मग एकेकाचं गोत्र आणि नाव येऊ लागतं आणि एकोणपन्नासावर यादी थांबते. बाकीचे साडेनऊशे कुठे गेले, यावर अभ्यासकांनी तर्क केले आहेत. माझा आपला साधा तर्क: सरकारी यादीत लाभार्थ्यांचा आकडा आणि नावांचा मेळ तेव्हाही बसत नसावा.

याच चम्मकच्या पत्र्यांवर एक कलम आहे, ते मात्र राजाच्या धोरणीपणाचं. दान चंद्रसूर्य असेपर्यंत, पण अटीवर. या ब्राह्मणांनी राज्याविरुद्ध द्रोह करायचा नाही, चोरी, व्यभिचार, ब्रह्महत्या, राजाला विष घालणं यांत सापडायचं नाही, युद्ध करायचं नाही, दुसऱ्या गावांना त्रास द्यायचा नाही. केलं तर राजानं गाव काढून घेतलं तरी चोरी ठरणार नाही. ‘शर्तभंग झाल्यास जमीन सरकारजमा’ हा शेरा ज्यांच्या सातबाऱ्यावर आहे, त्या भोगवटादार वर्ग २ च्या लोकांना ही भाषा परकी वाटणार नाही. आणि शेवटी शाप. दान देणारा साठ हजार वर्षं स्वर्गात, हिरावणारा तितकीच वर्षं नरकात. इंग्लंडच्या जुन्या राजपत्रांतही हाच प्रकार: दान मोडेल तो ज्यूडासच्या पंगतीत नरकात जळो. पोलीस, निबंधक नसलेल्या काळात दोन्हीकडच्या कारकुनांना नरकाखेरीज दुसरी अंमलबजावणी यंत्रणा सुचली नाही. कोकण-गोव्यात गद्धेगाळीच्या दगडांवर तर हाच शाप न वाचता येणाऱ्यालाही कळेल अशा उघड्यावाघड्या चित्रात कोरलाय.

भंडाऱ्याचं जुन्या लेखातलं नाव बघा कुठे सापडतं. छत्तीसगडमधल्या रतनपूरच्या कलचुरी राजा जाजल्लदेवाचा १११४ सालचा शिलालेख आहे. त्याला वर्षाचा कर पोचवणाऱ्या मुलखांच्या यादीत लांजिका, वैरागर यांच्याबरोबर ‘भाणार’ येतं. लांजी, वैरागड, भंडारा. म्हणजे आमचं गाव इतिहासात आलं तेही देणेकरी म्हणून.

*

इंग्लंडचं नाव दोनदा आलंच आहे, तर तिकडे थोडं थांबू. भंडाऱ्याच्या जमिनीचं आजचं रूप ज्या लोकांनी घडवलं ते तिथल्या खेड्यांचे संस्कार डोक्यात घेऊन आले होते.

१०६६ साली नॉर्मंडीचा विल्यम इंग्लंड जिंकून बसला आणि जुन्या मालकांच्या जमिनी काढून आपल्या सरदारांना वाटल्या. वीस वर्षांनी, १०८६ मध्ये, त्यानं सगळ्या मुलखाची झडती घेतली. त्या झडतीच्या डूम्सडे बुक नावाच्या वहीत प्रत्येक गावाबद्दल तेच प्रश्न आहेत. पूर्वीच्या राजाच्या वेळी हे कोणाकडे होतं, आता कोणाकडे आहे, मालकाच्या घरशेतीत नांगर किती, रयतेचे नांगर किती, कुरण किती, गिरण्या किती, तेव्हा उत्पन्न काय होतं, आज काय आहे. मालकाचं नाव मिळतं. कुळं मात्र अमुक इतकी, गुलाम अमुक इतके, अशी डोकी मोजून लिहिलेली. आपल्या चार झोपड्यांसारखीच. पुढच्या शतकांतल्या खरेदीखतांत तर अमुक भूदास ‘त्याच्या सगळ्या पिलावळीसह आणि चीजवस्तूंसह’ विकला असं सरळ लिहिलेलं आढळतं.

जमीन हातात देण्याची त्यांची रीत मोठी देखणी होती. नुसत्या कागदानं जमीन जात नसे. देणारा आणि घेणारा शेतावर जायचे, शेजारीपाजारी गोळा व्हायचे आणि सगळ्यांसमोर देणाऱ्यानं मातीचं ढेकूळ किंवा झाडाची डहाळी घेणाऱ्याच्या हातात ठेवायची. कागद हा त्या प्रसंगाचा पुरावा. एकाच चामड्यावर मजकूर दोनदा लिहायचा, मधोमध वेडावाकडा कापायचा, दोघांनी एकेक तुकडा ठेवायचा. उद्या कोणी खोटा कागद आणला तर कडा जुळणार नाहीत. ११९५ पासून राजाच्या कोर्टात झालेल्या समझोत्यांचा तिसरा तुकडा सरकारी खजिन्यात राहू लागला. सरकारी दप्तर नावाच्या गोष्टीची ही एक चांगली सुरुवात.

हे सगळं झालं स्वतंत्र माणसांच्या जमिनीचं. कुळाची जमीन वेगळ्या वाटेनं जायची. कुळानं मालकाच्या गावकोर्टात यायचं, काठीच्या खुणेनं जमीन मालकाच्या हाती परत द्यायची. मग मालक नवीन कुळाकडून प्रवेशाची रक्कम घेऊन त्याच काठीनं ती त्याला देणार आणि कोर्टाच्या वहीतली नोंद उतरवून देणार. ती नक्कल हाच त्याचा हक्काचा कागद. कूळ मेलं तर घरातलं सगळ्यात चांगलं जनावर मालकाचं. ही नकलेवरची कुळवहिवाट पातळ होत होत पार विसाव्या शतकापर्यंत आली. १९२२ च्या कायद्यानं ती १९२६ मध्ये संपली. म्हणजे इंग्लंडच्या खेड्यातली मध्ययुगीन वहिवाट कायद्यानं संपल्यावर अवघ्या पंचवीस वर्षांत भंडाऱ्यातली मालगुजारी गेली. मागासलेपणाचे दाखले देताना हा हिशेब लक्षात ठेवलेला बरा.

*

मालगुजारी हा शब्द आमच्याकडे अजून जिवंत आहे. तलावांच्या नावात, जुन्या वाड्यांच्या पडक्या भिंतींत, लग्नाच्या बैठकीत सांगितल्या जाणाऱ्या घराण्याच्या मोठेपणात. ती आली कुठून?

गोंड राजांच्या आणि मग नागपूरकर भोसल्यांच्या काळात या भागात जंगल भरपूर आणि माणूस कमी होता. राजाला जमिनीपेक्षा जमीन उठवणारा माणूस मोलाचा. म्हणून दानं, सनदा, सवलती मिळायच्या त्या जंगल तोडणाऱ्याला, वस्ती बसवणाऱ्याला, तलाव बांधणाऱ्याला. कटकच्या मोहिमेत भोसल्यांना साथ दिल्याबद्दल पोवारांना वैनगंगेच्या खोऱ्यात पडीक जमिनी मिळाल्या. कोहळी तर तलावांसाठीच प्रसिद्ध. चांद्याच्या गोंड राजानं काशीयात्रेत त्यांचं कसब पाहिलं आणि त्यांना इकडे आणलं अशी त्यांच्यात कथा आहे. नवेगाव बांध, सिवनी बांध यांसारखे जलाशय त्यांच्या हातचे. तलाव बांधणाऱ्याला त्याखालच्या जमिनीत हक्क, असा तो व्यवहार होता. वाकाटकांच्या दानापेक्षा मला हा व्यवहार जास्त प्रामाणिक वाटतो. निदान घेणाऱ्यानं काहीतरी उभं केलेलं असायचं.

भोसल्यांच्या राज्यात गावाचा पाटील हा मालक नव्हता. वर्षाच्या किंवा काही वर्षांच्या बोलीवर गावाचा सारा भरायची हमी घेतलेला माणूस, एवढंच. हप्ता चुकला की पाटीलकी दुसऱ्याकडे. तिसरा रघूजी १८५३ च्या डिसेंबरात निपुत्रिक वारला, राज्य खालसा झालं, १८६१ मध्ये मध्यप्रांत झाला आणि पुढच्याच वर्षी रिचर्ड टेंपल चीफ कमिशनर म्हणून आले. १८६० च्या दशकातल्या बंदोबस्तात मोजणी झाली, खसरे झाले, आणि सारा गोळा करणाऱ्या या पाटलांना गावांची मालकी बहाल झाली. विकण्याचा, गहाण टाकण्याचा, वारशानं देण्याचा हक्क. काल जो गावाचा वसूलदार होता तो सकाळी उठला तो गावाचा धनी, म्हणजे मालगुजार.

माझ्या मते वैनगंगेच्या खोऱ्यातलं सगळ्यात मोठं भूदान हे. प्रवरसेनानं एकेक गाव दिलं, तेही अटी घालून, नरकाची भीती दाखवून. इथे हजारो गावं एका धोरणानं दिली गेली. देणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर त्यांच्या देशातला जमीनदार होता: गावात राहणारा, शेतीत पैसा घालणारा, रयतेची काळजी वाहणारा. तसे काही निघालेही; तलाव राखले, पाळी बांधल्या. पण मालकी विकता येते म्हटल्यावर ती विकली जाऊ लागली. गावाचे रुपयासारखे सोळा आणे झाले. कोणाकडे आठ आणे हिस्सा, कोणाकडे चार, कोणाकडे दोन आणे सहा पै. कर्जात बुडालेल्या पाटलाचा हिस्सा सावकाराकडे, सावकाराच्या पोरांत त्याचे आणखी तुकडे. ज्यानं कधी गाव पाहिलं नाही असा माणूस नागपुरात बसून गावाच्या तीन आण्यांचा धनी होऊ शके.

मालगुजाराच्या स्वतःच्या जमिनीला सीर आणि खुदकाश्त म्हणत. कसणारे निरनिराळ्या पायऱ्यांवर: कोणी मालिक मकबुजा, म्हणजे आपल्या शेतापुरता मालक, कोणी मौरूसी, म्हणजे वंशपरंपरेचं कूळ, कोणी साधं कूळ, कोणी कुळाचं कूळ. १८८३, १८९८, १९२० अशा कुळकायद्यांनी कुळांना संरक्षण दिलं, पण जमीन दुसऱ्याला द्यायची तर मालगुजाराची संमती लागायची आणि संमतीला नजराणा. काठी नव्हती एवढाच फरक. शिवाय वेठ होतीच, नांगराच्या दिवसांची, गाडीच्या खेपांची. पंधराशे वर्षांपूर्वी ताम्रपटात ‘माफ’ झालेली.

तरीही या बंदोबस्ताचं एक ऋण मान्य करायला हवं. खसऱ्यात कसणाऱ्याचं नाव लिहिलं गेलं. नाव, बापाचं नाव, जात, बांधीचा नंबर, साऱ्याची रक्कम. सरकारला ते वसुलीसाठी हवं होतं, हे खरं. पण आजही जात पडताळणीसाठी माणसं अभिलेख कक्षात जुन्या मिसली शोधत फिरतात, ती याच नोंदींसाठी. चार झोपड्यांतल्या माणसांना पहिल्यांदा नावं मिळाली ती साहेबाच्या वहीत.

मालगुजारी गेली ती मध्य प्रदेश शासनाच्या १९५० च्या कायद्यानं. भंडारा तेव्हा त्या राज्यात होता. ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारांचे, जमीनदारांचे हक्क सरकारात विलीन झाले. सीर-खुदकाश्त त्यांच्याकडे राहिली. जंगल, पडीक, चराई, तलाव सरकारकडे. १९५४ चा मध्य प्रदेशचा जमीन महसूल कायदा, १९५६ ची राज्यपुनर्रचना, विदर्भाचा १९५८ चा कुळकायदा, १९६६ ची महाराष्ट्राची महसूल संहिता. एकाच शेतकऱ्याचा दर्जा पंधरा वर्षांत इतक्या वेळा बदलला की पदव्या मोजायच्या तर एखाद्या प्राध्यापकालाही हेवा वाटावा. मालगुजाराच्या काळात गावकऱ्यांचे चराई, जळतण, माती, दगड, पाणी यांचे जे हक्क ‘वाजिब-उल-अर्ज’मध्ये लिहिलेले होते, ते निस्तार पत्रकात आले. हे पत्रक आपल्या गावचं कसं आहे, हे विचारा एखाद्या सरपंचाला. बहुतेकांनी पाहिलेलं नसतं.

तलावांचं काय झालं हा तर स्वतंत्र लेखाचा विषय. पूर्व विदर्भात सहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी तलाव. बोलण्यात ते ‘मामा तलाव’ झाले, पण भाच्यांकडे कोणी बघितलं नाही. मालगुजाराच्या काळात पाळीवर माती टाकणं, तुडूम (पाण्याची मोरी) उघडणं, सलंगावरून (सांडव्यावरून) पाणी किती जाऊ द्यायचं, कोणाच्या बांधीला आधी पाणी द्यायचं, हे सगळं गावाच्या रिवाजानं चालायचं. त्यात मालगुजाराची दांडगाई होती, फुकटची मजुरी होती. सरकारनं दांडगाई काढली आणि बरोबर रिवाजही गेला. हक्काच्या पाण्यावर पाणीपट्टी कशी, म्हणून वाद झाले. बोड्या, म्हणजे लहान तळी, गाळानं भरल्या. मालकी कोणाची याचा कागद तयार झाला. काळजी कोणाची याचा झाला नाही.

*

कारध्याच्या थडीवर परत येऊ. गोसीखुर्दच्या भूमिपूजनाला २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधी आले होते. २००९ मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प झाला. धरणाचं पाणी मागे फुगत फुगत भंडाऱ्यापर्यंत येतं आणि नागपूरच्या नाग नदीची घाण कन्हानमार्गे त्यातच मिसळते. या धरणासाठी गावंच्या गावं उठली. जमिनी गेल्या त्या १८९४ च्या भूसंपादन कायद्यानं, आणि त्या कायद्याची भाषा ताम्रपटाच्या बरोबर उलटी होती. ताबा घेतला की जमीन ‘सर्व बोजांपासून मुक्त’ होऊन सरकारात निहित व्हायची. महामार्गाच्या १९५६ च्या कायद्यातही हेच: राजपत्रात अधिसूचना आली की जमीन केंद्र सरकारची, कसलाही बोजा न उरता. राजा गाव द्यायचा तेव्हा सगळ्या हक्कांसह द्यायचा; सरकार जमीन घेतं तेव्हा सगळे हक्क पुसून घेतं. कुळाचा हक्क, बहिणीचा हिस्सा, पाण्याची वहिवाट, वाटेचा रिवाज, सगळ्यांची बोळवण मोबदल्याच्या रकमेत.

आणि मोबदला कोणाला? ज्याचा कागद त्याला. नदीकाठच्या ढिवरांचं उदाहरण घ्या. पावसाळा ओसरला, पात्र उघडं पडलं की वाळूत डांगरवाडी लावायची. टरबूज, काकडी, डांगर. उन्हाळ्यात भंडाऱ्याच्या बाजारात तोच माल. पण नदीचं पात्र महसूल संहितेच्या कलम २० प्रमाणे सरकारचं. पात्रातली वाडी फार तर एकसाली लावणीवर मिळते, आणि पिढ्यान्‌पिढ्या कसली तरी तिचा सातबारा होत नाही. पात्रात बारमाही पाणी उभं राहिलं की वाडी संपली. बुडालेल्या शेताचा पंचनामा होतो. वाडीचा पंचनामा कोणत्या गट नंबरावर करायचा?

आणखी एक वर्ग असाच कागदाबाहेर राहिलाय आणि तो संख्येनं सगळ्यात मोठा आहे. आषाढात कारध्यापासून लाखनी-साकोलीपर्यंत कुठेही रस्त्यावरून बघा. पऱ्हे उपटून, गुडघाभर चिखलात वाकून रोवणी करणाऱ्या ओळीत पुरुष औषधाला सापडायचा नाही. धान हे बायांचं पीक आहे. सातबाऱ्यावर मात्र बाई येते ती बहुधा विधवा झाल्यावर, तीही मुलांच्या नावांच्या मागे.

प्रभावतीगुप्तेनं स्वतःच्या नावानं शेत दिलं. ताम्रपटात नवऱ्याच्या घराण्याआधी तिनं माहेरचं घराणं सांगितलं आणि गोत्रही बापाचंच लावलं. राणीला ते जमलं. १९९४ मध्ये महाराष्ट्रानं मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क दिला, २००५ मध्ये केंद्रानं. कायदा स्वच्छ आहे. बाप वारला की वारस फेरफारात मुलींची नावं चढतात. मग दिवाळीला, नाहीतर वर्षश्राद्धाला बहिणी माहेरी आल्या की भाऊ हळूच विषय काढतो. हक्कसोडपत्र आधीच टाइप झालेलं असतं. बहिणींना माहेर तोडायचं नसतं. साडीचोळी होते, गाडीतून निबंधकाकडे नेऊन आणतात, अंगठ्याचा ठसा आणि फोटो होतो, दोन साक्षीदार सह्या करतात. ‘स्वखुशीनं, कोणाच्याही दडपणाशिवाय’ हे वाक्य त्यात असतंच. ज्यात दडपणाचा उल्लेख नाही असं हक्कसोडपत्र माझ्या पाहण्यात नाही.

उलट दिशेचा रस्ताही आहे. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची हाक दिली आणि हजारो शेतकऱ्यांनी जमिनीचा काही भाग बायकोच्या नावे केला. पुढे १९९२ मध्ये सरकारनं लक्ष्मीमुक्ती योजना म्हणून परिपत्रक काढलं. नवऱ्यानं तलाठ्याकडे साधा अर्ज द्यायचा, बायकोचं नाव सहभोगवटादार म्हणून सातबाऱ्यावर चढतं. खरेदीखत नको, वकील नको. बहिणीचा हक्क सोडवायला निदान मुद्रांकाचे काही शे रुपये आणि निबंधकाच्या दारात अर्धा दिवस लागतो. बायकोचं नाव चढवायला तेवढंही लागत नाही. कारध्यात, किंवा तुमच्या गावात, गेल्या वर्षी हक्कसोडपत्रावरचे फेरफार किती झाले आणि लक्ष्मीमुक्तीचे किती, हे फेरफार नोंदवहीत दिसतं. वही कोणालाही बघायला मिळते.